खुर्शीद मिस्त्रीचे गुटके

आलापल्लीत कोणालाही विचारा, खुर्शीद मिस्त्री कसा माणूस आहे. लोक आधी त्याच्या हाताची तारीफ करतील, आणि मग तोंडाबद्दल बोलायला सावली शोधून नीट बसतील. माझं पंक्चरचं दुकान त्याच्या कारखान्याच्या अगदी समोर. कारखाना हा त्याचा शब्द. मला तिथे टिनाचं एक शेड दिसतं, एक लाकडी टेबल आणि घोटाभर भुसा. मला त्याचा रंधाही ऐकावा लागतो आणि तोंडही. रंधा जेवणाच्या वेळी तरी बंद असतो.

त्याचा सगळा अहंकार एका वाक्यात मावतो: "खुर्शीदचा जोड सुटत नाई." एका तुकड्याला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारी जीभ, आणि दोन्ही ठोकून बसवले की मधून वाराही जाऊ नये. खिळा मारणाऱ्या सुताराला तो सुतार म्हणत नाही. गोंद लावणाऱ्याला तर लिफाफे चिकटवणारा म्हणतो. एका मोठ्या साहेबासाठी त्याने बंगल्याच्या खोलीतच बसून सागाचा पलंग केला होता. साहेबाची बदली झाली तेव्हा पलंग दारातून बाहेर निघेना आणि सुटाही होईना. शेवटी दाराची चौकट काढली, पलंग गेला, आणि नवीन साहेब आठवडाभर बिनदाराच्या खोलीत झोपला. दुसरा कोणी असता तर तोंड लपवून फिरला असता. हा ती गोष्ट दर ईदला नव्याने सांगतो.

त्याच्या स्वतःच्या घरात मात्र प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, आणि जमीलाबाईंची स्वयंपाकाची फळी विटांवर उभी आहे. "वेळ भेटला का करून देतो," असं तो म्हणतो. लग्न झालं तेव्हापासून म्हणतो.

तर या माणसाला नातवंडं झाली. मुलगा आरिफ चंद्रपूरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, सून फरहत शिकलेली आणि टापटिपीची. मोठी कहकशाँ शाळेत जाणारी, धाकटा ताबिश नुकता जायला लागलेला आणि रोज परत येऊन नवल करणारा की उद्या पुन्हा जायचं आहे. मागच्या उन्हाळ्यात ही पोरं महिनाभर राहायला म्हणून आली. जमीलाबाईंनी डबे भरभरून गुलगुले करून ठेवले. दोन्ही पोरं मोबाईल घेऊन भिंतीला टेकून बसली. आलापल्लीत नेटवर्क साहेबासारखं, कायम दौऱ्यावर. ते गेलं आणि पोरांनी रडायला सुरुवात केली. दोन दिवसांत आरिफ येऊन त्यांना घेऊन गेला, डब्यांसकट.

मग फोनवर आरिफ आईला म्हणाला, "अम्मी, पुढच्या उन्हाळ्यात त्याईले इथीच क्लास लावतो. तिकडे पोट्टे बोर होते." जमीलाबाई त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या समोरच त्या नवऱ्याला बोलल्या. "साऱ्या साहेबाईच्या लेकराईसाठी पाळणे केले तुमी. आपल्या नातवाईले इथी धरून ठेवन असं काई तुमच्यानं होत नाई का? पुढच्या सालीबी नाई आले, तर मंग येतच नाई थे. लेकरं मोठे होऊन जाते."

त्या बाईला काय हवं होतं ते रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळलं असतं. पुढच्या उन्हाळ्यात पोरं यावीत आणि टिकावीत, एवढंच. खुर्शीद मिस्त्रीला त्यातला 'धरून ठेवन' एवढाच शब्द कळला.

त्याने जाहीर केलं की नातवंडांसाठी गुटके करणार. सुताराच्या बोलीत लाकडाच्या लहान तुकड्याला गुटका म्हणतात. त्याचे आजोबा म्हणायचे, वडील म्हणायचे, तोही म्हणतो. दुसरा गुटका, तो पुडीतला, सरकारने कधीचाच बंद केला, आणि बंद झाल्यापासून तो जास्त सोयीने मिळतो. पण खुर्शीदच्या डोक्यात गुटका म्हणजे लाकूड. पोरांनी ते एकात एक अडकवून घर बांधायचं, पूल बांधायचा, फाटक बांधायचं, अशी योजना होती.

लाकडाची अडचण आली नाही. गावातल्या एका दुकानदाराने घराचा जुना सागवानी दरवाजा काढून फायबरचा बसवला होता. सागाच्या जंगलात राहून लोक फायबरचे दरवाजे लावतात, त्यावर मी काय बोलावं. तो जुना दरवाजा खुर्शीदनेच केलेला. अपमान झाल्याच्या आवेशात तो ते दार डोक्यावर घेऊन घरी आला. वाळून वाळून ते लाकूड हाडासारखं झालं होतं.

पुढे पावसाळाभर त्याने गिऱ्हाईक परत पाठवलं. "सध्या नातवाईचं काम चालू हाय," असं तो अशा थाटात सांगायचा की समोरच्याला वाटावं विधानसभेची खुर्ची घडवतो आहे. प्रत्येक गुटक्याच्या कडा गोल केल्या. खाचा इतक्या नेटक्या कापल्या की मला, खोटं कशाला बोलू, हेवा वाटला. मग तो जोड बसवायला लागला आणि त्याला राहवेना. एक बसवला, दुसरा बसवला, घर झालं. पूल झाला. फाटक झालं. एक दिवस त्याने माझ्या दुकानात येऊन ते घर धुराड्याला धरून उचललं, उलटं केलं, हलवलं, आणि टायरच्या ढिगावर आपटलं. काही निघालं नाही. चार रिकामटेकड्यांनी वा वा केलं.

जमीलाबाईंनी ते घर हातात घेतलं, एक गुटका ओढून पाहिला, पुन्हा ओढला.

"हे निघत नाई जी," त्या म्हणाल्या.

"निघन कसं? म्याच बसवलं थे."

"मंग लेकरं खेळन कसे?"

"घर बांधलं का कोनी मोडते का?" खुर्शीद म्हणाला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की बायकांना कारागिरीतलं काय कळतं. मी पंक्चर शोधायला लागलो.

दिवाळीनंतर त्याने ठरवलं की उन्हाळ्याची वाट कशाला पाहायची. आत्ताच चंद्रपूरला जाऊन पोरांना माल दाखवायचा, म्हणजे ती आपणच आलापल्लीचं नाव काढतील. मला ट्यूब-टायर आणायचे होते, म्हणून मीही बरोबर निघालो. ती चूक माझी.

एसटीत कंडक्टर बाईने त्याच्या मांडीवरचा फुगलेला कापडी झोरा पाहिला. "काका, झोरा वर ठेवा."

"नाई बाई, मांडीवरच राहू द्या. गुटके हायेत."

बाईने तिकिटाचं मशीन खाली घेतलं. "एवढे?"

"अजून घरी हायेत. एवढे नातवाईसाठी घेऊन चाललो."

आमच्या मागच्या बाकावरची एक म्हातारी शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "नातवाईले गुटके घेऊन चालला म्हनते. कलियुग हाय बाप्पा."

"खात नाई थे," खुर्शीद मागे वळून म्हणाला. "नुसते खेळते."

"आज खेळते, उद्या खाईन," म्हातारी म्हणाली, आणि अर्ध्या बसने माना हलवल्या. मी समजवायला तोंड उघडलं, पण खुर्शीदने मला अडवलं. त्याच्या कामाची ओळख त्याच्याऐवजी दुसऱ्याने करून दिलेली त्याला चालत नाही.

आष्टीच्या अलीकडे पोलिसांची तपासणी चालू होती. कोणी काय सांगितलं देव जाणे, पण शिपाई बसमध्ये चढला तो सरळ आमच्याच बाकापाशी आला. त्याच्या एका गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा भरलेला होता, त्यामुळे तो आभाळाकडे तोंड करून बोलत होता. "गुटका कोनाजवळ हाय?"

"माह्याजवळ," खुर्शीद म्हणाला. छाती पुढे काढून म्हणाला.

आम्हाला खाली उतरवलं. झोरा उघडला. आत एक घर, एक पूल, एक फाटक, आणि तळाशी काही सुटे तुकडे. शिपाई निराश झाला. मग त्याने घर उचललं आणि त्याचे डोळे बारीक झाले.

"याच्या आत काय हाय?"

"आत बी लाकूडच हाय."

"उघडून दाखव."

"उघडत नाई थे."

"उघडत नाई म्हनजे?"

"साहेब, खुर्शीदचा जोड हाय," खुर्शीद म्हणाला, जणू पोलीस भरतीच्या परीक्षेत हा प्रश्न येतो.

आता शिपायाची खात्री पटली की आत माल आहे. त्याने नखाने उकरून पाहिलं. गुडघ्याला लावून ओढलं. मग दुसरा शिपाई आला. एकाने छप्पर धरलं, दुसऱ्याने पाया, आणि भर उन्हात दोघे रस्सीखेच खेळले. बसमधले लोक उतरून सल्ले द्यायला लागले. कोणी म्हणालं पाण्यात टाका, कोणी म्हणालं गरम करा. ओढता ओढता पहिल्या शिपायाचा खर्रा गिळला गेला आणि तो रस्त्याच्या कडेला बसून खोकू लागला. खुर्शीदच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला लाज वाटली. शेवटी मीच हात जोडले. "साहेब, जाऊ द्या. खेळनं हाय थे. याच्या बायकोले बी उघडलं नाई."

"काका," शिपाई डोळे पुसत म्हणाला, "खेळनं हाय का तिजोरी हाय?"

याहून मोठं प्रशस्तिपत्रक खुर्शीदला कोणी दिलं नव्हतं. चंद्रपूरपर्यंत त्याने ते मला किती वेळा ऐकवलं ते विचारू नका. आरिफच्या दारात पोचल्यावर सलाम नाही, पाणी नाही, उंबऱ्यावर उभा राहूनच त्याने सगळा किस्सा सुनेला आणि पोरांना सांगितला. दोन पोलीस, ओढाताण, खोकला, तिजोरी. पोरं पोट धरून हसली. मग त्याने झोऱ्यातून घर काढून कहकशाँच्या हातात दिलं.

तिने ते फिरवून पाहिलं. एक गुटका ओढला. दाताने ओढायला गेली तेव्हा फरहतने डोळे वटारले. मग ती आजोबांना अगदी सरळपणे म्हणाली, "दादा, पोलिसाले नाई उघडलं, तर मले कसं उघडन?"

"उघडायचं काऊन बेटा? झालं ना थे. पाह्य कसं मजबूत हाय."

"मंग आमी काय करू?"

"पाह्य ना."

कहकशाँने अदबीने थोडा वेळ पाहिलं. मग घर त्याच्या मांडीवर परत ठेवलं. "सगळं तर तुमीच खेळून टाकलं," ती म्हणाली, आणि मोबाईल शोधायला आत गेली.

ताबिशने पूल घेतला आणि हातोडा समजून जमिनीवर हाणला. पुलाला काही झालं नाही, फरशीला तडा गेला. तेव्हा फरहतने, मुलगी गुणी आहे, "फार सुंदर हाय अब्बा," असं म्हणत घर, पूल आणि फाटक काचेच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर, शोभेच्या ताजमहालाशेजारी ठेवून दिलं. खेळण्याचा दफनविधी यापेक्षा इज्जतीत होत नसेल.

परतीच्या बसमध्ये खुर्शीद बोलला नाही. गोंडपिपरी आली, गेली. हा माणूस इतका वेळ गप्प बसलेला मी पाहिला नव्हता, आणि मला आवडला नाही. मग तो खिडकीकडे पाहत मला म्हणाला, "लटारूभाऊ, ढिलं करा लागन का?"

"करा लागन."

"माह्या हातानं?"

एखाद्याने त्याला चोरी करायला सांगितलं असतं तर त्याने इतकं वाईट वाटून घेतलं नसतं. मी म्हटलं, दुसऱ्याच्या हाताने करा. ते मी चेष्टेने म्हटलं होतं.

त्याने प्रयत्न केला, नाही असं नाही. सुटे तुकडे परत आणले होते, दाराचं लाकूडही उरलं होतं. सकाळी तो जीभ बारीक तासायचा, खाचेत घालून पाहायचा, ती सहज आतबाहेर व्हायची, आणि त्याचं तोंड कडू व्हायचं. दुपारी तो त्याच खाचेत पातळ पाचर घालून पुन्हा घट्ट करायचा. हात ऐकत नव्हते त्याचे. जन्मभर एकच गोष्ट शिकवली त्यांना, आता त्यांना उलटं कसं सांगणार. उन्हाळा जवळ आला आणि डबाभर गुटके सगळे एकमेकांना गच्च धरून बसलेले.

एके दिवशी जमीलाबाईंनी डबा उचलला, लाकडी हातोडीने ठोकून ठोकून निघाले तेवढे गुटके मोकळे केले, पॉलिशपेपरचा गठ्ठा घेतला आणि शेडच्या दारात मांडी घालून बसल्या. एकेक जीभ घासायला लागल्या. त्यांच्या बोटांची पेरं सांध्याच्या दुखण्याने सुजलेली, सकाळी चहाची कपबशी धरतानाही त्रास होतो. तीच त्यांची मोजपट्टी. गुटका खाचेत घालायचा आणि दुखऱ्या बोटांनी ओढायचा. निघाला तर डब्यात, नाही निघाला तर पुन्हा घासायचा. "माह्या बोटानं निघालं, तर लेकराच्या बोटानं निघन," त्या म्हणाल्या.

खुर्शीदला ते पाहवेना. तो माझ्या दुकानात येऊन शेडकडे पाठ करून बसायचा. पण घासल्याचा आवाज यायचाच. "बंद कर म्हना तिले," तो मला सांगायचा. मी म्हणायचो, तुमीच सांगा. तो उठायचा नाही. घासून घासून जमीलाबाईंच्या बोटांची कातडी गेली, त्यांनी चिंध्या बांधल्या आणि घासत राहिल्या. मला त्या माणसाचा राग यायचा. मदतीला जात नाही तर नाही, निदान जोडांसाठी हळहळू नये.

उन्हाळ्यात आरिफ पोरांना घेऊन आला तो आधीच सांगत की दोन दिवस, फक्त दोन दिवस, सोमवारी क्लास सुरू आहे. नेटवर्क त्या दिवशीही दौऱ्यावर होतं. ताबिशने रडायची तयारी केली. जमीलाबाईंनी डबा शेडच्या दारात पालथा केला.

पहिल्यांदा काहीतरी कोसळलं तेव्हा खुर्शीद पटाशी हातात घेऊनच धावत आला. "काय पडलं?" मनोरा पडला होता आणि दोन्ही पोरं खिदळत होती. दुसऱ्यांदा पडलं, तो पुन्हा धावला. संध्याकाळपर्यंत त्याने धावणं सोडलं, पण प्रत्येक वेळी बसल्या जागी दचकायचा. कहकशाँ बांधण्यासाठी बांधायची, ताबिश मोडण्यासाठी बांधायचा, आणि दोघांचं त्यावरून भांडण व्हायचं. गल्लीतली अजून चार पोरं जमली. दुसऱ्या दिवशी फाटक शेडच्या बाहेर आलं, संध्याकाळी पूल रस्त्यावर येऊन माझ्या दुकानाच्या पायरीला लागला. गिऱ्हाइकं सायकल उचलून वरून आणत होती.

सोमवारी सकाळी आरिफ पोरांना न्यायला मोटारसायकल घेऊन परत आला. "चला, सामान भरा."

"अब्बू, अजून मोडायचं बाकी हाय," कहकशाँ म्हणाली.

"मंग मोड अन् चल."

तिने एक गुटका ओढला, अर्धा पूल खाली आला. तोवर दुसऱ्या टोकाला ताबिशने नवीन काहीतरी चालू केलं होतं. ते काय आहे ते त्यालाच माहीत नव्हतं, म्हणून ते संपायची शक्यताही नव्हती. आरिफ हेल्मेट हातात घेऊन उभा राहिला. चहा प्यायला. पुन्हा उभा राहिला. त्याने मोबाईल काढून पाहिला, नेटवर्क नव्हतं, ठेवून दिला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो आईला म्हणाला, "अम्मी, शाळा उघडायच्या आधी येतो मी," आणि एकटाच निघून गेला. जमीलाबाई मोटारसायकल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पाहत होत्या, मग पदराने तोंड पुसत आत जाऊन त्यांनी गुलगुल्यांचं पीठ भिजवलं. मला फार बरं वाटलं. माझी काही नातेवाईक नाहीत ती, तरी वाटलं.

संध्याकाळी माझ्या दुकानात चारजण बसले होते. खुर्शीद मिस्त्री येऊन उभा राहिला. बढाईचा रंग चढलेला होता.

"पाहलं ना? खुर्शीदचा माल. लेकरू हात लावते अन् सुटते. बसते बी, सुटते बी. असा जोड कोनाच्या बापाले जमत नाई."

लोकांनी माना डोलावल्या. पायरीवर गुटके रचत बसलेल्या कहकशाँने वर न पाहताच सांगितलं, "दादानं घट्ट केले होते. खेळनं दादीनं केलं."

सगळ्यांनी खुर्शीदकडे पाहिलं.

"दादीनं काय केलं?" तो म्हणाला. "तिनं नुसतं घासलं."

जमीलाबाई रस्त्यावर वाकून सांडलेले गुटके ओच्यात गोळा करत होत्या. बोटांच्या चिंध्या अजून सुटल्या नव्हत्या.

"हो, नुसतंच घासलं," त्या म्हणाल्या. "सारी जिंदगी तुमाले घासून राह्यली मी. गुटके लवकर ढिले झाले."